तापात सुई नको

मैत्रीचं तोंड आलं की आधी तिचा आवाज बंद होतो. एरवी आमच्या खोलीत तिच्यापुढे कुणाला बोलायची सोय नाही. कुकरने शिट्टी मारली तरी ती तिला उलटून उत्तर देते. पण त्या सकाळी उठते ती गप्प. ओठ घट्ट मिटलेले, हनुवटीवरून लाळ ओघळतेय, कपाळ कढत. दीड वर्षाची माझी लेक, 'दुखतंय' असं सांगता येत नाही. दुधाचा पेला पुढे केला की आधी पेल्याकडे बघते, मग माझ्याकडे. ती नजर मला सोसत नाही. मी काहीतरी दगा केलाय, असं तिला वाटत असावं.

खालचा ओठ अलगद दुमडला की दिसतं सगळं. दातांच्या मुळाशी हिरडी लालभडक, सुजून चकचकीत झालेली. जिभेच्या कडेला आणि गालाच्या आत पिवळट पांढरे खड्डे. चार-पाच दिवस ती नुसत्या थंड ताकावर काढते, तेही चमच्याने, थेंब थेंब. मग ताप उतरतो, खड्डे भरून येतात आणि एका सकाळी ती परत कुकरशी भांडायला लागते. आपण म्हणतो, सुटलो. आणि महिना भरायच्या आत परत तेच.

"अगं दर्शना, दृष्ट काढ तिची," शेजारच्या पोपटभाऊंची बायको दारातूनच म्हणाली होती. "गोरीगोमटी पोर, सगळ्यांच्या डोळ्यांत भरते."

माझ्या सासूबाई आतून ओरडल्या, "आमच्या घरात मिरच्या भाजीत घालतात गं बाई, पोरांवरून ओवाळत नाहीत!"

सासूबाई, म्हणजे रमाबाई, तशा कुणाला भीक घालणाऱ्या नाहीत. कळव्यातल्या एका प्रसूतिगृहात आयाचं काम करून त्यांनी मुलगा वाढवला. अर्ध्या चाळीतली पोरं जन्मली तेव्हा आधी त्यांच्या हातात आली. पौर्णिमेला विहारात जातात, पांढरी साडी नेसतात, गंडे-दोरे-अंगारे यांना हात लावत नाहीत. पण त्यांचा एक नियम होता आणि त्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही. तापलेल्या पोराला टोचायचं नाही.

"ताप उतरू दे. दोन घास पोटात जाऊ दे. मग काय ती तुझी टेस्ट कर."

खरं सांगायचं तर मलाही ते पटायचं. चार दिवस उपाशी राहिलेलं पोर, त्याचा हात धरून रक्त काढायचं कसं? शिवाय मला वाटायचं, तापात काढलेलं रक्त खराबच येणार. बरं वाटल्यावर काढलं तर काय तो खरा रिपोर्ट मिळेल. फोटो काढायला नेताना आपण पोराचं तोंड धुऊन, केस विंचरून नेतो ना, तसंच. आम्ही मैत्रीला डॉक्टरकडे न्यायचो तीही अशीच. आंघोळ घातलेली, स्वच्छ फ्रॉक, तोंडात बोरोग्लिसरीन लावून पुसलेलं. डॉक्टर आत बघायचे. भरत आलेल्या एक-दोन जागा, बाकी गुलाबी. "दात येतायत," ते म्हणायचे. नाहीतर, "बाटली नीट उकळता ना?" रक्ताचा रिपोर्ट दर वेळी सरळ. सगळे आकडे रांगेत, एकाखालीही लाल रेघ नाही.

"बघ," सासूबाई म्हणायच्या, "उगाच टोचलं पोरीला."

महेंद्र या सगळ्यात फारसा बोलायचा नाही. माझा नवरा खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक आहे. माणूस हसरा, पण तिशीच्या आत त्याच्या दोन दाढा गेलेल्या, पुढच्या दातांची मुळं उघडी पडलेली. डेपोत त्याला सगळे चिडवायचे. "म्हेंद्या, गुटख्याची पुडी काढ रे, एकटाच खातोस काय!" तो हसून सोडून द्यायचा. सासूबाई मात्र हसायच्या नाहीत. "पोराच्या बापाने तरी सोडावं," असं त्या भिंतीकडे बघून बोलायच्या. मीही एकदा त्याच्या खाकी शर्टाचे खिसे उलटे करून बघितलेले. एक स्क्रू निघाला आणि बडीशेप.

मग एक दिवस मैत्रीचे दात घासताना माझ्या बोटाखाली तिचा पुढचा दात हलला.

दुधाचा दात, नुकता आलेला. तो का हलेल? मी परत हात लावला. हलला. मी तिला कडेवर घेतलं आणि तशीच डॉक्टरकडे गेले. या वेळी त्यांनी दातांचं नाव काढलं नाही. ठाण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहून दिला. "लहान मुलांच्या रक्ताच्या आजारांचं बघतात त्या. एकदा दाखवून या."

रक्ताचा आजार म्हटल्यावर महेंद्रही रजा टाकून बरोबर आला. रिक्षा खाडीच्या पुलावर अडकली होती आणि मैत्री बाहेर बोट दाखवून 'बोत, बोत' करत होती. महेंद्र तिला प्रत्येक होडी दाखवत होता. मला खाडी दिसत नव्हती.

डॉक्टर प्रिसिला मूळच्या वसईकडच्या. पांढरे आखूड केस, गळ्यात बारीक क्रूस. "ये गो बाय," म्हणत त्यांनी मैत्रीला टेबलावर बसवलं, तिच्या हातात लाकडी चमचा दिला आणि तिने तो चघळायला तोंड उघडल्याबरोबर आत बघून घेतलं. बराच वेळ बघितलं. मग सगळे रिपोर्ट मागितले. एकेक कागद उलटत त्यांनी विचारलं, "हे रक्त काढलं तेव्हा तोंडात जखमा होत्या?"

"नाही नाही," मी घाईने म्हणाले. मला वाटलं आपली चूक काढतायत. "ताप पूर्ण उतरल्यावरच काढलं. प्रत्येक वेळी."

त्यांनी कागद खाली ठेवले. "जखमा असताना एकदाही नाही?"

"पोर आजारी असताना कसं..." माझं वाक्य तिथेच राहिलं.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी एका कोऱ्या कागदावर दात काढला, त्याच्या दोन्ही बाजूंना हिरडी. दात आणि हिरडी यांच्यामध्ये बारीक चीर दाखवली.

"आपल्या कातडीला कुठे भोक नसतं. पण इथे बघा, दात हिरडी फाडून बाहेर आलेला असतो. म्हणजे दार कायम उघडं. आणि तोंडात तर जंतूंची जत्राच असते, तुमच्याही आणि माझ्याही. मग आपल्याला रोज जखमा का होत नाहीत? तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल म्हणतात त्यांना, त्या या फटीत उतरत असतात. बाकीच्या अंगात कुठे काही झालं तर त्या धावून जातात. इथे मात्र त्यांना बोलवावं लागत नाही. दिवसरात्र उतरत असतात, जंतू खातात आणि तिथेच मरतात. आपण बोलतोय ना, आत्ताही आपल्या थुंकीत त्या आहेत."

महेंद्रने नकळत आवंढा गिळला.

"त्यांचं आयुष्य फार थोडं. म्हणून हाडांच्या आतला मगज नव्या बनवून पाठवत राहतो. सतत. काही मुलांमध्ये तो मगज मधूनमधून थांबतो. साधारण तीन आठवड्यांनी, काही दिवस. मग परत चालू होतो, आपला आपणच."

"म्हणजे जुना ड्यूटी संपवून गेला आणि रिलीव्हर आलाच नाही," महेंद्र म्हणाला.

"अगदी तसं. गाडी उभी, माणूस नाही. सगळ्यात आधी कळतं ते तोंडाला, कारण तिथे एक दिवसही पहाऱ्याशिवाय निघत नाही. आणि जखमा भरतात तेव्हा पेशी परत आलेल्या असतात. तेव्हा रक्त तपासलं तर रिपोर्ट सरळच येणार." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मला अजून खात्री नाही. पण आता ताप आला की थांबायचं नाही. त्याच दिवशी, सुरुवातीलाच रक्त काढायचं आणि मला फोन करायचा. त्या दिवसांत साधा जंतूही हिच्या रक्तात शिरू शकतो. आतापर्यंत शिरला नाही, हे आपलं नशीब."

परत येताना रिक्षात मैत्री माझ्या मांडीवर झोपली. तोंड किंचित उघडं. मी त्या तोंडाकडे बघत बसले. एवढंसं तोंड, त्यात एवढी जाग असते आणि मला कधी माहीत नव्हतं. ती हसते, पापा देते, बोट चावते, आणि तेव्हाही आत कुणीतरी तिच्यासाठी मरत असतं. मधेच कुणी येत नाही, तेव्हा ती एकटी. आणि नेमकी तेव्हाच आम्ही तिला पदराखाली झाकून घरात ठेवत होतो.

सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतलं.

"डॉक्टर लोकांचं असंच असतं. तिकडचं ऐकून आलात, ठीक आहे. पण पोर तापली की सुई लागायची नाही तिला. मी सांगून ठेवते."

"आई, पण..."

"माझ्या डोळ्यांदेखत नाही, दर्शना."

त्यानंतरचे दिवस मी रोज सकाळी आधी तिच्या आवाजाची वाट बघायचे. ठाण्यात एका वकिलांच्या ऑफिसात मी टायपिंगचं काम करते. तिथेही दुपारी फोन करून विचारायचे, "बोलतेय का? काय बोलतेय?" सासूबाई फोन मैत्रीच्या तोंडाला लावायच्या आणि माझ्या कानात नुसता श्वास आणि लाळेची बुडबुड यायची. तेवढ्यावर माझं दुपारचं काम व्हायचं.

आणि मग एका रविवारी सकाळी ती उठली ती गप्प.

मी ओठ दुमडून बघितला. हिरडी लाल. खड्डे अजून नव्हते, पण अंग चांगलंच तापलेलं. मी महेंद्रकडे बघितलं. त्याने लॅबच्या सुदेशला फोन लावला. सुदेश घरी येऊन रक्त काढतो. आमच्याच गल्लीतला, सासूबाईंना मावशी म्हणतो.

तो आला तेव्हा सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर मैत्री, तिच्यावर पदर. दोन्ही हात पोरीभोवती आवळलेले.

"मावशी, बघा, बारीक सुई आणलीय. मच्छर चावल्यासारखं वाटेल फक्त."

"तुला चावलाय का कधी तापात? चल, उठ. चहा पिऊन जा."

"आई, द्या तिला," मी म्हणाले.

"नाही."

"आई, डॉक्टर म्हणाल्यात..."

"मला नको सांगू डॉक्टर! वॉर्डात जन्म गेला माझा." त्यांचा आवाज चिरकला. "मी माझी पोर दिलेली सुईला. तुझी नाही देणार."

सुदेशने डबा बंद केला आणि खाली बघत बसला. महेंद्रची एक मोठी बहीण लहानपणीच गेली, एवढं मला माहीत होतं. लग्नाच्या वेळी कुणीतरी सांगितलेलं. कशाने गेली, ते या घरात कुणी बोलत नसे.

"रंभा होती माझी," सासूबाई म्हणाल्या. बोलत होत्या पदराखालच्या डोक्याशी, आमच्याशी नाही. "हिच्याएवढीच. ताप भरलेला. चार दिवस मी घरीच केलं सगळं. पाचव्या दिवशी हे म्हणाले, दवाखान्यात ने. त्या डॉक्टरने बघितलं न बघितलं, कुल्ल्यावर सुई मारली. सकाळी मारली. दिवे लागले तेव्हा पोर गेली माझी."

बाहेर नळावर कुणीतरी हंडा आपटला.

मी विचारलं ते मुद्दाम नाही. तोंडातून निघून गेलं. "आई, तिचं तोंड यायचं?"

"यायचं की. सारखंच यायचं. तेव्हा सगळ्याच पोरांचं..."

त्या थांबल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग महेंद्रकडे. तो मोरीच्या उंबऱ्यावर उभा होता, तळहाताने गाल धरून. कितीदा मी त्याला असं उभं बघितलंय! ॲसिडिटी झालीय म्हणायचा, दहीभात खायचा, झोपून जायचा.

"मला पण येतं, आई," तो म्हणाला. "अजून येतं."

"तुला त्या पुडीने येतं. सोडली म्हणाला होतास ना तू?"

"मी कधी खाल्लीच नाही."

"मग म्हणालास कशाला सोडली म्हणून?"

"तू रोज विचारायचीस. सोडली म्हटलं तेव्हा बंद झालीस."

दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसले असते. तो पुढे झाला, सुदेशच्या समोर बसला आणि शर्टाची बाही वर केली. "माझं पण काढ. आधी माझंच काढ."

सुदेशने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने महेंद्रच्या दंडाला रबर बांधलं, सुई घातली, नळी भरली. सासूबाई डोळे न मिटता बघत होत्या. एवढ्या मोठ्या पोराच्या हातातून निघणारं रक्त त्या कितीतरी वर्षांनी बघत असाव्यात. कापूस लावून झाला. सुदेशने दुसरी, छोटी नळी काढली आणि तसाच थांबला.

मग पदर हलला. सासूबाईंनी मैत्रीचा हात बाहेर काढला, कोपर सरळ केलं आणि तळवा आपल्या मुठीत धरला. तोंड भिंतीकडे फिरवलं.

"लवकर कर रे, मुडद्या," त्या म्हणाल्या.

दुपारी लॅबमधून रिपोर्ट आला नाही, फोन आला. सुदेशच होता. "वहिनी, मशीनवर दोनदा लावून बघितलं. सरांनी स्लाइडही बघितली. न्यूट्रोफिल जवळजवळ नाहीतच. तुम्ही त्या मॅडमना लगेच फोन करा."

मी फोन केला. डॉक्टर प्रिसिला एवढंच म्हणाल्या, "बॅग भरा आणि या. मी वॉर्डात सांगून ठेवते."

संध्याकाळपर्यंत मैत्रीचा ताप एवढा चढला की ती डोळे उघडेना. सलाईन लागलं, अँटिबायोटिक सुरू झालं. नर्स दर थोड्या वेळाने येऊन सलाईन बघून जायची. मी तिच्या ओठांना ओला कापूस लावत होते. आत बघायची हिंमत नव्हती. कुठलीही आई अशा वेळी काय करते, तेच मी करत होते. हिशोब. मागच्या महिन्यात असंच झालं असेल का? त्याच्या मागच्या? ज्या ज्या वेळी आम्ही 'उतरेल ताप' म्हणत बसलो, त्या त्या वेळी ती या कडेवरून चालत गेली आणि परत आली, आणि आम्ही तिला नवा फ्रॉक घालून रिपोर्ट काढायला नेलं.

ताप उतरायला वेळ लागला, पण उतरला. मग आठवड्यातून कितीदा तरी रक्त काढलं, तिचंही आणि महेंद्रचंही, चांगल्या दिवसांतही आणि वाईट दिवसांतही. आकडे खाली जायचे, वर यायचे. शेवटी डॉक्टर प्रिसिलांनी आम्हा तिघांना समोर बसवलं. आजार दोघांनाही आहे. बापाकडून लेकीला आलेला. वय वाढलं की थोडा नरमतो, म्हणून महेंद्र दाढांवर निभावला. मैत्रीला मगज जागा ठेवणारं इंजेक्शन घ्यावं लागेल, मांडीवर, घरीच. रोज, नंतर कदाचित दिवसाआड. तोंड येणं पूर्ण थांबणार नाही, पण असं होणार नाही. कधीपर्यंत? "आत्ता तरी कायमच धरून चाला," त्या म्हणाल्या.

महेंद्र मान खाली घालून बसला होता. "माझ्यामुळे," एवढंच म्हणाला.

"तुम्ही काय निवडून दिलंत का तिला?" डॉक्टर म्हणाल्या. "तुमचे डोळेही दिलेत, ते बघा."

हातातला रुमाल सासूबाईंनी चौकोनी घडी घालून मांडीवर ठेवला. "बाई, एक विचारू? माझी रंभी मग त्या सुईने नाही गेली?"

डॉक्टर प्रिसिलांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मला वाटलं, खोटं बोला हो, एकदा खोटं बोला.

"नक्की कसं सांगू, रमाबाई? मी तिला बघितलेलं नाही. पण तुम्ही सांगता त्यावरून, सुईने नसावी गेली. सुई उशिरा पोचली असावी."

सासूबाईंनी मान डोलावली. एकदा, आणि परत एकदा. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला दिसत होतं. इतकी वर्षं एक सुई होती, एक डॉक्टर होता, शिव्या द्यायला. आता ते दोघं सुटले, आणि घरी काढलेले ते चार दिवस मागे राहिले.

"तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं हे," डॉक्टर म्हणाल्या.

"हो," त्या म्हणाल्या. "तेव्हा कुणाला माहीत नव्हतं."

त्याच दुपारी नर्सने मला इंजेक्शन द्यायला शिकवलं. मांडीची चिमूट कशी धरायची, सुई किती तिरकी, औषध किती हळू. सासूबाई उठून बाहेर गेल्या. काचेतून मला त्यांची पाठ दिसत होती, खिडकीच्या गजांना धरून उभी. महेंद्रने मैत्रीचे पाय धरले. मी सुई घातली आणि तिने अशी बोंब ठोकली की पलीकडच्या खाटेवरचं पोरही रडायला लागलं. तोंड सताड उघडं, आत सगळं गुलाबी, पडजीभ थरथरतेय. मी औषध संपवलं, सुई काढली, कापूस दाबला. ती थांबेचना. मला मारत होती, बापाला मारत होती.

सासूबाई दारात आल्या.

"झालं?"

"झालं."

"रडली?"

"ऐकू नाही आलं तुम्हाला? सगळं हॉस्पिटल जागं केलं."

त्या जवळ आल्या, हुंदके देणारी पोर माझ्याकडून घेतली आणि खांद्यावर टाकून थोपटायला लागल्या. "रडू दे," म्हणाल्या. "रडू दे तिला. गप्प नका करू." मग थोड्या वेळाने, कुणालाच उद्देशून नाही, "रंभी रडली नव्हती त्या दिवशी. सुई टोचली आणि नुसती बघत राहिली माझ्याकडे."